मुलांना गमतीच्या, उलट्यासुलट्या गोष्टी सांगताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी बालवाड्यांत आणि वाचनालयांत मुलांना गोष्टी सांगते. गोष्ट संपली की मुलं पळतात आणि आई-बाबा, आजी-आजोबा थांबतात. ते जे विचारतात त्यातले पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे घेतले आहेत. उत्तरं साधारण दीड ते आठ वर्षांच्या मुलांना धरून लिहिली आहेत.

गमतीची गोष्ट म्हणजे नेमकी कशी? काहीही सांगितलं की झाली का?

काहीही सांगितलं तर होत नाही. चांगल्या गमतीच्या गोष्टीत जगातली एकच गोष्ट मुद्दाम उलटी केलेली असते आणि बाकी सगळं जसंच्या तसं ठेवलेलं असतं. म्हैस आंब्याच्या झाडावर राहते, एवढंच उलटं. बाकी तिला वैरण लागतेच, तिची धार काढायला कुणीतरी वर चढावं लागतंच, पावसात फांदी निसरडी होतेच. आणि शेण कुणाच्या डोक्यावर पडतं हे तुम्ही सांगायच्या आधी मूलच ओरडून सांगतं.

याउलट म्हैस जांभळी, तिला पंख, ती रॉकेटमध्ये बसलेली आणि रॉकेट चॉकलेटचं, असं सगळंच उलटं केलंत, तर मूल दोन मिनिटं हसेल आणि मग चुळबुळ करायला लागेल. जिथे काहीही होऊ शकतं, तिथे ‘मग काय झालं असेल?’ याचा विचार करायला त्याच्यासाठी काही उरत नाही. मुलांची कल्पनाशक्ती मोकाट जागेत फारशी चालत नाही. तिला एक अडचण द्यावी लागते. पुढची बरीचशी उत्तरं याच नियमावर उभी आहेत: एक गोष्ट उलटी, बाकी सगळी सुलटी.

मला गोष्टी सुचतच नाहीत. सुरुवात कुठून करू?

नवीन गोष्ट रचायला जाऊ नका. तुम्हाला आणि मुलाला पाठ असलेली एखादी गोष्ट घ्या आणि तिच्यातली एक वस्तू बदला. मराठी घरात यासाठी सगळ्यात सोयीची गोष्ट म्हणजे म्हातारी आणि भोपळा. लेकीकडे जाऊन, तूपरोटी खाऊन, जाडजूड होऊन परत येणारी म्हातारी वाघाला कशी चकवते, हे मुलाला तोंडपाठ असतं. म्हणून तर बदल त्याच्या लगेच लक्षात येतो.

पाच वर्षांच्या एका मुलीला ही गोष्ट सांगत होते.

‘मग लेकीनं म्हातारीला बसायला काय दिलं?’

‘भोपळा!’

‘अगं, त्या दिवशी बाजारात भोपळाच नव्हता. कलिंगड मिळालं.’

ती आधी माझ्याकडे बघतच राहिली. मी चेहरा अजिबात हलवला नाही. ‘म्हातारी बसली आत. म्हणाली, चल रे कलिंगडा टुणूक टुणूक.’

‘कलिंगड टुणूक टुणूक नाही जाणार. फुटेल ना ते!’

‘अरे हो की. मग कसं जाईल?’

‘हळूहळू. गड... गड... गड.’

‘आणि वाटेत म्हातारीला लागली तहान.’

‘आतूनच खायचं मग. पण जास्त नाही खायचं. भोक पडलं तर वाघाला दिसेल.’

भोक पडलंच, कारण म्हातारीला राहवलं नाही. वाघ आला, त्यानं भोकातून आत डोकं घातलं आणि म्हातारीनं तोंडातल्या सगळ्या बिया त्याच्या नाकावर फुर्रकन उडवल्या. बी नाकात गेली, वाघाला शिंका सुटल्या आणि एका शिंकेसरशी कलिंगड थेट म्हातारीच्या अंगणात जाऊन पडलं. हा सगळा शेवट त्या मुलीचा आहे. माझ्याकडून गेलं ते फक्त कलिंगड, तहान आणि ‘मग कसं जाईल?’ हा एक खराखुरा प्रश्न.

तुमचं काम एवढंच आहे. भोपळ्याऐवजी फणस घ्या (आत चिकटली तर?), पितळी हंडा घ्या (आवाज केवढा होईल!), पावाची लादी घ्या (कुत्री मागे लागतील). गोष्ट पुढे नेण्याची जबाबदारी मूल आनंदानं घेतं. अट एकच, तुम्ही हसायचं नाही. सांगणारा गंभीर असला की ऐकणाऱ्याला चूक काढण्याची मजा येते.

अशा उलट्यासुलट्या गोष्टींनी मूल गोंधळणार नाही का? कुत्रा म्याँव करतो असं सांगितलं तर तेच शिकेल.

ही काळजी आजी-आजोबांना जास्त वाटते आणि ती मनापासून असते, म्हणून नीट उत्तर देते.

कोर्नेई चुकोवस्की (१८८२–१९६९) या रशियन बालसाहित्यिकांनी लहान मुलांचं बोलणं वर्षानुवर्षं टिपून ठेवलं होतं. त्यांची मुलगी दोन वर्षांचीही झाली नव्हती, तेव्हा एक दिवस ती थोडी लाजत, थोडी खोडकरपणे त्यांच्याकडे आली आणि कुत्रा म्याँव करतो असं म्हणाली. तिच्या आयुष्यातला हा पहिला विनोद, आणि तो तिनं स्वतः केलेला होता. चुकोवस्कींच्या लक्षात आलं ते असं, की कुत्रा भुंकतो आणि मांजर म्याँव करतं हे मुलाला पक्कं कळलेलं असतं तेव्हाच ते उलटं करण्यात त्याला गंमत वाटते. खरं काय ते माहीत नसेल तर हसूच येत नाही.

म्हणजे उलटी गोष्ट ऐकून मूल हसलं किंवा ‘असं नसतं काही!’ म्हणून तुमच्यावर ओरडलं, तर त्याची समज पक्की आहे. ते गंभीरपणे ‘हो का?’ म्हणालं तर मात्र ती गोष्ट त्याच्यासाठी अजून उलटी झालेलीच नाही. अशा वेळी थांबा, खरं सांगा आणि मुलाच्या रोजच्या ओळखीतलं काही उलटं करा: बाबांनी चपला हातात घातल्या, आईनं वरणभात कानानं खाल्ला.

कितव्या वर्षापासून अशा गोष्टी सांगता येतात?

बोलायला लागायच्या आधीपासून. तळहातावर बोट टेकवत ‘इथे इथे बस रे मोरा’ आपण सगळेच करतो. मोर भुर्र उडून गेला की ‘इथे इथे बस रे हत्ती’ म्हणा आणि बाळाचा हात अलगद खाली दाबा, जणू काही वजनच झालं. मग मुंगीला बसवा आणि अगदी हळू टिचकी द्या. गोष्टीचं हे सगळ्यात छोटं रूप आहे. ‘अडगुलं मडगुलं’, ‘अटक मटक चवळी चटक’ या गाण्यांत अर्थाचा आग्रह कुणीच धरत नाही. आवाजाची मजा मुलांना अर्थाच्या आधी कळते, हे आपल्या आज्या-पणज्यांना चांगलं ठाऊक होतं.

दीड-दोन वर्षांचं मूल वाटी कानाला लावून ‘हॅलो’ म्हणायला लागलं की त्याचं खोटं-खोटं खेळणं सुरू झालं. तिथून एका-दोन वाक्यांच्या गोष्टी चालतात. तीन-चार वर्षांच्या मुलांना म्हातारीच्या कलिंगडासारखे बदल पेलतात. सहाच्या पुढे ती स्वतः नियम बनवतात आणि तुम्ही नियम मोडलात तर लगेच पकडतात.

मूल मध्येच बोलतं, प्रश्न विचारतं, गोष्ट भलतीकडेच नेतं. शिस्त कशी लावायची?

लावू नका. तो मधला प्रश्न म्हणजे तुमच्या गोष्टीला मिळालेली सगळ्यात मोठी दाद आहे.

चिऊताई आणि काऊची गोष्ट घ्या. काऊचं घर शेणाचं, चिऊचं घर मेणाचं. मोठा पाऊस आला, काऊचं घर गेलं वाहून. तो चिऊच्या दारात येऊन म्हणतो, ‘चिऊताई चिऊताई, दार उघड.’ ती म्हणते, ‘थांब, माझ्या बाळाला आंघोळ घालते.’ मग म्हणते, ‘थांब, माझ्या बाळाला तीट लावते.’ आपण सगळे यावर वाढलो. एका बालवाडीत चार वर्षांच्या मुलानं मला मध्येच अडवून विचारलं, ‘पण मे महिन्यात मेण वितळेल ना?’

वितळणारच. मग मे महिन्याची वेगळी गोष्ट तयार झाली. चिऊचं घर टप टप गळतंय, चिऊ काऊच्या नव्या शेणाच्या घरापुढे उभी, उन्हानं तिची पिसं तापलेली. ‘काऊदादा काऊदादा, दार उघड.’ आणि आतून काऊ म्हणतो, ‘थांब, माझ्या बाळाची नखं कापतो.’ मुलांनी काऊला एकामागून एक कामं दिली: बाळाला दप्तर भरून देतो, बाळाची चोच पुसतो, बाळाला रिक्षात बसवतो. शेवटी दार उघडायचं की नाही यावर वर्गात जोरात वाद झाला. निम्म्या मुलांचं म्हणणं, तिनं आधी त्याला भिजत ठेवलं होतं, आता तिलाही थांबू दे. एक मुलगी म्हणाली, दार उघडा, पण घरातली कामं तिलाच करायला लावा. न्याय, राग, क्षमा यांवर इतकी खरी चर्चा मी मोठ्यांच्या सभेतही क्वचित ऐकली आहे, आणि ती सुरू झाली एका मध्येच विचारलेल्या प्रश्नानं.

गोष्टीच्या शेवटी तात्पर्य सांगावं का?

नको. ‘यावरून आपण काय शिकलो?’ हा प्रश्न आला की मूल तुमच्या मनातलं उत्तर शोधायला लागतं आणि त्याचं स्वतःचं उत्तर मागे राहतं. वर काऊच्या दाराचं सांगितलंच.

रोज तीच गोष्ट मागतो. मला कंटाळा येतो.

त्याला येत नाही. पुढे काय होणार हे माहीत असण्यात त्याला भक्कम आधार वाटतो, म्हणून गोष्टीचा सांगाडा मोडू नका. ‘चल रे भोपळ्या टुणूक टुणूक’ आलं पाहिजे म्हणजे आलंच पाहिजे. त्या आधाराच्या आत एखादीच वस्तू हलवा. लेकीनं तुपरोटीऐवजी मिसळ दिली, वाघाला आज सर्दी झाली आहे, कोल्ह्याच्या अंगात स्वेटर. मुलानं ‘नाही, नीट सांग!’ म्हटलं तर त्या दिवशी नीटच सांगा. दमलेलं, आजारी किंवा नव्या जागेत आलेलं मूल जशीच्या तशी गोष्ट मागतं आणि तेव्हा त्याला तीच लागते.

शी, शू आणि पादण्यावरच सगळी गोष्ट येऊन थांबते. काय करावं?

तीन ते सहा-सात वर्षांच्या जवळपास प्रत्येक मुलाचा हा टप्पा असतो. शरीरावर नुकताच ताबा मिळवलेला असतो, मोठ्यांसमोर तो शब्द उच्चारायची चोरी असते, त्यामुळे त्यात दुप्पट गंमत. ओरडलात तर तिप्पट होईल.

माझा उपाय असा, की शब्दाला गोष्टीत काम द्यायचं. बैल पादला, ठीक आहे. पण किती जोरात? गोठ्याचं छप्पर उडालं? मग आता पाऊस आला तर बैल कुठे जाणार? छप्पर शोधायला कोण निघेल, आणि ते कुठल्या गावात जाऊन पडलं असेल? चौथ्या प्रश्नापर्यंत मूल छपराच्या मागे लागलेलं असतं आणि पादणं विसरलेलं असतं. जेवणाच्या ताटावर हे शब्द नकोत असा घरचा नियम असेल तर तो जरूर ठेवा. गोष्टीतली मोकळीक आणि ताटावरची रीत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे मुलांना छान कळतं.

राक्षस, भूत, वाघ यांची भीती बसणार नाही का?

बसू शकते, आणि प्रत्येक मुलाची भीती वेगळी असते. काही घरांत चिऊ-काऊच्या गोष्टीचा शेवट काऊ तापलेल्या तव्यावर बसतो आणि त्याला चटका बसतो असा सांगतात. काही मुलं त्यावर हसतात, काही रात्री रडतात. म्हणून सांगताना मुलाच्या हाताकडे बघा. ते तुमच्या कुशीत शिरलं, त्यानं तुमची ओढणी घट्ट धरली, तर तिथेच वळण घ्या.

गमतीची गोष्ट भीतीवर फार चांगली चालते, पण ‘घाबरायचं काय त्यात!’ असं म्हणून नव्हे. राक्षस तसाच मोठा, तसाच काळाकभिन्न ठेवा आणि त्याची एकच गोष्ट उलटी करा: त्याला अंधाराची भीती वाटते. मग रात्री तो काय करत असेल? कुणाला हाका मारत असेल? घाबरलेलं मूल त्याला झोपवायला जातं, त्याला पांघरूण देतं, ‘दिवा चालू ठेवू का?’ विचारतं. भीती खरी आहे हे मान्य करून मुलाला तिच्यावर काम करता येतं. मात्र जेवण्यासाठी किंवा झोपण्यासाठी बागुलबुवा येईल अशी धमकी देऊ नका. त्यानं गोष्टीवरचा विश्वास जातो.

माझं मूल गप्प बसतं. ‘मग काय झालं?’ विचारलं की ‘माहीत नाही’ म्हणतं.

उघडा प्रश्न काही मुलांना परीक्षेसारखा वाटतो. त्याऐवजी चुकीचं विधान करा. ‘हत्ती अंघोळीला गेला आणि त्यानं सोंडेवर शाम्पू लावला, मग टॉवेल घेतला, आपल्या हातरुमालाएवढा...’ आणि थांबा. ‘छोटा पडेल!’ हे शब्द आपोआप बाहेर येतात, कारण प्रश्नाला उत्तर देण्यापेक्षा मोठ्यांची चूक सुधारणं सोपं असतं. तेही नाही आलं तर मुलाला आवाजाचं काम द्या: दार वाजलं की तू कर्रर्र करायचं. काही मुलं पुष्कळ दिवस फक्त ऐकतात आणि मग एकदम आपल्या बाहुलीला सगळी गोष्ट सांगताना सापडतात.

झोपताना गमतीची गोष्ट सांगितली की चेकाळतो, झोपच येत नाही.

मग ती संध्याकाळी सांगा, प्रवासात सांगा, भेंडी चिरताना सांगा. झोपताना तीच पात्रं घ्या पण त्यांना दमवा. म्हातारी घरी पोचली, पाय धुतले, अंथरूण घातलं, वाघही आपल्या गुहेत जांभया देतोय. वेग कमी, आवाज खाली, प्रश्न बंद.

यूट्यूबवर इतक्या छान मराठी गोष्टी आहेत. त्या चालणार नाहीत का?

ऐकायला काही हरकत नाही, विशेषतः नुसत्या आवाजातल्या. पण व्हिडिओतली म्हातारी ‘कलिंगड फुटेल ना!’ या ओरडण्याला उत्तर देत नाही. चित्रही आधीच काढलेलं असतं, मुलाला मनात काढावं लागत नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये दिलेल्या मार्गदर्शनानुसार एक वर्षाच्या मुलांना स्क्रीनसमोर बसवूच नये आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला एक तासापेक्षा जास्त वेळ नको, त्याहून कमी तर उत्तमच. बसून राहण्याच्या वेळात मोठ्यांनी वाचून दाखवावं, गोष्टी सांगाव्यात असंही त्यात म्हटलं आहे.

आम्ही परदेशात राहतो. मुलीला मराठी कळतं पण ती इंग्रजीत उत्तर देते.

देऊ दे. तिचं इंग्रजी वाक्य तुम्ही मराठीत गोष्टीत ओवून पुढे जा, ‘मराठीत बोल’ असं सांगायला थांबू नका. थांबलात की गोष्टीचा तास होतो. आपल्या भाषेतले आवाजाचे शब्द अशा मुलांसाठी फार मोलाचे आहेत: टुणूक, धपाक, भुर्र, खळकन, गुडूप, चुळचुळ, फतकल. अर्थ सांगावा लागत नाही आणि तोंडात मजा येते, त्यामुळे माझ्या अनुभवात मुलं आधी हेच शब्द उचलतात. गोष्ट तिच्या जगात घडवा. म्हातारी बर्फात घसरत आली तरी चालेल, वाघाऐवजी अस्वल आलं तरी चालेल. गावाकडच्या आजीला व्हिडिओ कॉलवर अर्धीच गोष्ट सांगायला लावा आणि उरलेली नातीनं पुढच्या रविवारी आजीला सांगायची.

मी बालवाडीत शिकवते. वर्गात तीस-चाळीस मुलं असतात, तिथे हे कसं जमेल?

या देशात बालशिक्षणाचा पाया घालणाऱ्यांनी गोष्टीला वर्गात मानाची जागा दिली होती. १९२० मध्ये भावनगरला दक्षिणामूर्ती बालमंदिर सुरू करणारे गिजुभाई बधेका गोष्ट हे शिक्षणाचं मुख्य साधन मानत. त्यांच्यासोबत काम केलेल्या ताराबाई मोडक आणि पुढे अनुताई वाघ यांनी बोर्डीत आणि १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांसाठी काम उभं केलं. मुलं बालवाडीत येत नाहीत तर बालवाडीच त्यांच्या अंगणात न्यायची, आणि विकतच्या साधनांऐवजी पानं, बिया, शंख-शिंपले वापरायचे, हा त्यांचा मार्ग होता.

तोच आजही उपयोगी पडतो. मुलांना गोल बसवा, प्रत्येकाच्या हातात चिंचोका, काडी, पान असं काहीतरी द्या. गोष्ट तुम्ही सुरू करा आणि अडचणीपाशी थांबा: उंदीरमामाला ओढा ओलांडायचा आहे. आता ज्याच्या हातातली वस्तू कामाला येईल त्यानं सांगायचं. चाळीस उत्तरं घेऊ नका, चार-पाच पुरेत. उरलेली मुलं उद्या, हे मात्र लक्षात ठेवून पाळा. ओरडण्याच्या जागा ठरवून दिल्या, म्हणजे सगळ्यांनी मिळून ‘डुबुक!’ म्हणायचं, तर गोंगाटही गोष्टीचाच भाग होतो.

शाळेत बाईंना त्यानं सांगितलं की आमच्या घरी वाघ पाळलाय. हे खोटं बोलणं नाही का?

चार-पाच वर्षांच्या मुलाचा घरचा वाघ म्हणजे बहुतेक वेळा गोष्टच असते. ‘खोटारडा’ म्हणू नका. ‘ही गोष्टीतली गंमत आहे की खरंच घडलेलं?’ एवढं विचारा. मुलं बहुधा प्रामाणिकपणे सांगतात. फूलदाणी फुटल्यावर वाघानं फोडली असं म्हणालं तर वेगळं. तिथे वाघाची गोष्ट नंतर ऐकेन, आधी काचा उचलू, असं सांगायला हरकत नाही.

ती आता स्वतः गोष्टी सांगते. लिहून ठेवू का?

नक्की ठेवा. एक साधी दोनशेपानी वही करा. गोष्ट मुलाच्याच शब्दांत उतरवा, व्याकरण सुधारू नका, ‘मी गेलो होती’ असेल तर तसंच. वर तारीख आणि वय टाका, खाली चित्रासाठी अर्धं पान मोकळं सोडा. लिहून झालं की तिला वाचून दाखवा, कारण तिथे ती बदल सुचवते. लिखाणात बदल करता येतो हे तिला शाळेत जायच्या आधीच कळतं. मोबाइलवर ध्वनिमुद्रण केलंत तरी उत्तम, फक्त फोन समोर धरू नका, उशीशेजारी पालथा ठेवा. वाचता यायला लागलं की बालभारतीचं १९७१ पासून निघणारं ‘किशोर’ मासिक हाती द्या. आणि वहीतली गोष्ट पाहुण्यांसमोर म्हणून दाखवायला लावण्याआधी तिची परवानगी घ्या. ती नाही म्हणाली तर विषय तिथेच थांबवा.